पाच मिनिटांच्या आत

माझ्या वडिलांना वाटायचं, मी त्यांना रोज बघते. रोज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी ते गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गल्लीच्या टोकाच्या एटीएममध्ये जायचे, छताच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे तोंड करून उभे राहायचे आणि हात हलवायचे. पैसे काढायचे महिन्यातून एकदा, दर्शन मात्र रोज. सुट्टीच्या दिवशी जायचे नाहीत, कारण मी सुट्टीवर कधी असते ते त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलेलं असायचं.

मी त्यांना तिथे एकदाही बघितलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला माझ्याबद्दल चांगलं मत करून घ्यायची घाई होणार नाही.

मी जिथे बसते त्या खोलीतून एका बँकेच्या सगळ्या शाखांवर आणि एटीएमवर नजर ठेवली जाते. मिळून अकराशेच्या वर जागा. नातेवाइकांना वाटतं, समोर भिंतभर टीव्ही असतील आणि आम्ही खुर्च्या टाकून अख्ख्या जगाची गंमत बघत बसत असू. तसं काही नाही. भिंतीवर एक नकाशा आहे आणि नकाशावर ठिपके आहेत. ठिपका हिरवा म्हणजे सगळं ठीक. हिरव्या ठिपक्यामागचं चित्र आम्हाला दिसत नाही. गिऱ्हाइकांकडे उगाच टक लावून बघायचं नाही, म्हणून ते उघडायची सोयच ठेवलेली नाही. बघायचं काम यंत्र करतं. त्याला काही खटकलं की ठिपका लाल होतो, टेबलावर टीं टीं वाजतं आणि मग चित्र उघडतं. कुणी हेल्मेट घालून आत आलं, कुणी तोंड झाकलं, कुणी मशीनला लाथ मारली, दार उघडं राहिलं, तिजोरीच्या खोलीत भलत्या वेळी हालचाल झाली. आणि कुणी एक जण सलग पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ आत थांबला, तर.

अशा वेळी बटण दाबून माइकमध्ये ठरलेलं वाक्य बोलायचं: "नमस्कार. आपण बराच वेळ इथे आहात. आपल्याला काही मदत हवी आहे का?" दोनदा विचारायचं. उत्तर नाही आलं तर गस्तीच्या गाडीला कळवायचं. दिवसातून तीस-चाळीस वेळा मी हे वाक्य म्हणते. आमच्याकडे आवाजात चढउतार चालत नाही, त्यामुळे ते इस्त्री केल्यासारखं सपाट येतं. ऐकणारे असतात एसीच्या गारव्याला आलेले लोक, भांडण मिटवायला आत शिरलेली जोडपी, पिन विसरून कपाळाला हात लावून बसलेले. आणि पाली. कॅमेऱ्याच्या काचेवर पाल बसली की यंत्राला वाटतं कुणी कॅमेरा झाकला. वर्षभरात मी दोनशे वेळा तरी पालीचं पोट बघितलं असेल. सभ्य माणूस मात्र आमच्या खोलीत कुणाला दिसत नाही, कारण तो कधी लाल होत नाही.

आमचे बाबा तर नको तितके सभ्य.

त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची फळी, वर एक दिवा आणि डोळ्याला लावायचं भिंग. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची घड्याळं चालती ठेवली. पुढे लोक फोनमध्येच वेळ बघायला लागले आणि बाबांचे हातही थरथरायला लागले, तेव्हा त्यांनी फळी उचलली. आई मी कॉलेजात असतानाच गेली होती. मला ही नोकरी लागली आणि मी सहा तासांवरच्या या शहरात आले, तेव्हा घरात बाबा आणि भिंतीवरची सात घड्याळं राहिली. सातही बरोबर वेळ दाखवायची.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात फोनवर त्यांनी विचारलं, "ठमे, आपल्या कोपऱ्यावरचं मशीन तुमच्याचकडे का गं?"

माझं नाव ठमी नाही. पण त्यांनी मला खऱ्या नावाने हाक मारली की मी घाबरायचे.

मी यादी बघितली होती. नुसतं आमच्याकडे नव्हे, माझ्याच टेबलावर होतं. तसं सांगितलं.

"म्हणजे मी आत गेलो की तुला दिसतो?"

मी बसथांब्यावर उभी होते. पाय दुखत होते, भूक लागली होती. हिरवा ठिपका, लाल ठिपका हे सगळं समजावत बसायचं जिवावर आलं. "हो, दिसता की," मी म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन लावला तर पलीकडून पहिलाच प्रश्न, "बघितलंस? केस कापून गेलो होतो." असा आनंद त्या आवाजात मी आई गेल्यापासून ऐकला नव्हता. मी काय बोलणार? म्हणाले, "बघितलं. चांगले कापलेत, पण कानामागे जास्त घेतले." कानामागे आमचा न्हावी सगळ्यांचेच जास्त घेतो.

तिथून तीन वर्षं हे चाललं. थाप मारायला मला फारसे कष्टही पडायचे नाहीत, कारण बाबा स्वतःच सगळं सांगून टाकायचे. "आज नवा चष्मा दाखवला," ते म्हणायचे, मी म्हणायचे, "हो, फ्रेम छान आहे." "आज वाचनालयाचं पुस्तक धरलं होतं, नाव वाचता आलं का?" "नाही हो बाबा, इतकं बारीक नाही दिसत." असं मधून मधून 'नाही' म्हटलं की 'हो' जास्त खरं वाटतं, हेही मी शिकले. त्यांनी मला कधी फसवून बघितलं नाही. माझ्यासारखी मुलगी असलेल्या माणसाने खरं तर बघायला हवं होतं.

गल्लीत ते सांगत सुटायचे, "पोरगी तिकडे डोळ्यांत तेल घालून बसलेली असते. मी दोन दिवस दाढी केली नाही तर विचारते." आणि खरंच रोज दाढी करायचे. मी बघते म्हणून वेळेवर जेवायचे, मी बघते म्हणून उसवलेली कॉलर शिवून घ्यायचे. मी मनाची समजूत घातली होती की या खोट्याने कुणाचं वाईट होत नाही, उलट माणूस टापटीप राहतो. इतकी चांगली सबब मिळाल्यावर खरं सांगायला कोण जातं?

एकदा मात्र सगळं उघड होता होता राहिलं. त्या आठवड्यात सकाळी मला प्रशिक्षणाला बसवलं होतं आणि माझं टेबल शेजारचा सहकारी बघत होता. त्याचा आवाज इतका गोड आहे की आम्ही त्याला रेडिओ म्हणतो. नेमके त्याच आठवड्यात एके दिवशी बाबा कॅमेऱ्यासमोर रंगात आले. काहीतरी लांबलचक सांगत बसले आणि पाच मिनिटं उलटली. ठिपका लाल. रेडिओने विचारलं, मदत हवी आहे का? बाबा छताकडे बघून म्हणाले, "नाही हो, मुलीशी बोलतोय. तिला द्या जरा."

हे आमच्या शिफ्टच्या प्रमुख बाईंपर्यंत गेलं. आम्ही त्यांना हेडमास्तर म्हणतो, त्यांनाही ते माहीत आहे. त्यांनी मला उभं केलं आणि लेखी ताकीद दिली. "बँकेची मशीनं घरच्यांना भेटायला नाहीत," त्या म्हणाल्या.

तो राग मी संध्याकाळी बाबांवर काढला. मी त्यांना इतकं कधीच बोलले नव्हते. "काय चालवलंय बाबा तुम्ही? माझी नोकरी घालवायची आहे का? पाच मिनिटांच्या आत बाहेर पडायचं. पाच मिनिटं झाली की इकडे बोंब होते. कळलं?"

"कळलं," ते म्हणाले. मग विचारलं, "बाहेर जाऊन परत आत आलं तर?"

"तर पहिल्यापासून मोजतं ते. पण उगाच आत-बाहेर करत बसू नका."

"नाही गं. आपलं विचारलं. घड्याळ लावून बाहेर पडेन, तू काळजी करू नकोस." बाबा कुठलीही गोष्ट एकदाच सांगायचे आणि एकदाच ऐकायचे. त्यानंतर त्या मशीनचा ठिपका त्यांच्यामुळे कधी लाल झाला नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या खोलीत फोन न्यायला बंदी आहे. शिफ्ट सुरू होताना फोन बाहेरच्या कप्प्यात ठेवायचा, किल्ली द्यायची, संध्याकाळी परत घ्यायचा. नऊ तास मी जगाला मेलेली असते. बाबांना त्याची काळजी वाटायची. गेल्या वर्षी त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा एकदा म्हणाले, "दिवसा काही झालं तर तुला कसं कळवायचं?"

"शेजारच्या काकूंना हाक मारायची."

"त्या बाईला अर्धं ऐकू येत नाही. त्यापेक्षा असं करू. मी मशीनमध्ये येऊन हातातलं घड्याळ काढून कॅमेऱ्याला दाखवेन. मी घड्याळ काढलं की समज, आपलं काही खरं नाही. गाडी पाठव."

त्यांच्या मनगटावरचं घड्याळ मी कधी उतरवलेलं बघितलं नव्हतं. अंघोळीच्या वेळी ते कुठे ठेवत, देव जाणे. मला हसू आलं. "चालेल," मी म्हणाले. "घड्याळ दिसलं की दहा मिनिटांत अँब्युलन्स दारात."

तेही हसले. मी विसरून गेले. ते विसरणाऱ्यातले नव्हते.

तो मंगळवार होता. संध्याकाळी सातला नेहमीसारखा बसथांब्यावरून फोन लावला. बराच वेळ वाजला, मग त्यांनी उचलला.

"काय बाबा, काय म्हणता?"

"तू बोल."

"आज गेला होतात ना?"

"हो. दिसलो?"

"दिसलात की."

"नीट दिसलो का?"

"अगदी नीट. छान दिसत होतात."

पलीकडून काहीच आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला. "बाबा?"

"आहे. आहे मी." श्वास जरा मोठा वाटला, पण जिना चढून आले असतील असं मी धरून चालले. "कामाची गडबड असेल ना आज."

"विचारूच नका. डोकं वर काढायला वेळ नव्हता."

"बरं. मग राहू दे."

"काय राहू दे?"

"काही नाही गं. जेवून घे वेळेवर."

माझी बस आली. मी फोन ठेवला आणि धावले. बसायला जागा मिळाली म्हणून खूशही झाले.

सकाळी काकूंना दार नुसतं लोटलेलं दिसलं. बाबा दाराकडे तोंड करून खुर्चीत बसलेले होते. पायात बूट, मांडीवर पिशवी, पिशवीत डॉक्टरांची फाईल आणि एक जोडी कपडे. सगळे म्हणाले, कुठेतरी बाहेर निघाले असतील. मीही तेच म्हणाले. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं सांगितलं आणि विचारलं, "काल दिवसभरात काही त्रास झाला होता का? छातीत दुखणं, घाम?"

"नाही," मी छातीठोकपणे म्हणाले. "संध्याकाळी बोलले माझ्याशी. ठणठणीत होते."

त्या दिवसांत मी रडले, पण ते सगळे रडतात तसं. वय झालं होतं, हाल झाले नाहीत, बसल्या जागी गेले, असं येणाराजाणारा म्हणायचा आणि मला त्याचा आधार वाटायचा. मनगटावरचं घड्याळ मी काढून घेतलं आणि माझ्या हातात घातलं. मला ते सैल होतं.

अडीच महिन्यांनी भाड्याचं घर रिकामं करायला गेले. भिंतीवरची सात घड्याळं उतरवली. त्यांतली दोन बंद पडली होती. कागदपत्रांच्या प्रती काढायला एटीएमशेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. तो माझ्याच वयाचा, बाबांशी त्याच्या रोज गप्पा चालायच्या.

"ताई, शेवटच्या दिवशी काका तीनदा आत गेले हो," तो प्रती काढता काढता म्हणाला.

"कुठे आत?"

"मशीनमध्ये. आत जायचे, बाहेर येऊन माझ्या बाकावर टेकायचे, परत आत. मी म्हटलं, काका, मशीन बंद आहे का? मी काढून देऊ का पैसे? तर म्हणाले, नाही रे, मुलीला कळवतोय. मला वाटलं, नेहमीचं चाललंय. घाम फार आला होता त्यांना. म्हटलं रिक्षा बोलावू? तर म्हणाले, नको, तिने बघितलंय, ती करेल व्यवस्था." त्याने कागद सारखे करून माझ्यापुढे ठेवले. "त्या दिवशी हातात घड्याळ काढून धरलं होतं त्यांनी. म्हटलं बिघडलं की काय, काकांचं घड्याळ!"

मी त्याला किती पैसे दिले, घरी कशी आले, आठवत नाही. रिकाम्या खोलीत खाली बसले. दाराकडे तोंड केलेली खुर्ची अजून तिथेच होती. पायात बूट, मांडीवर पिशवी, दार नुसतं लोटलेलं. ते कुठे बाहेर निघाले नव्हते. त्यांना न्यायला कुणीतरी यायचं होतं. मी पाठवणार होते.

सकाळी साडेअकरापासून ते वाट बघत बसले. संध्याकाळी सातला माझा फोन गेला. नीट दिसलो का, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, अगदी नीट.

आमच्याकडे चित्रण नव्वद दिवस राहतं. एक्याण्णवाव्या दिवशी त्यावर नवीन चढतं. मी बोटांवर मोजलं, त्या दिवशी एक्याऐंशीवा होता. दुसऱ्या दिवशी मी कामावर हजर झाले आणि सरळ हेडमास्तरांपुढे जाऊन उभी राहिले. जुनं चित्रण उघडायला त्यांची परवानगी लागते आणि परवानगीच्या अर्जात कारण लिहावं लागतं.

"कारण?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. पहिल्या दिवसाच्या 'दिसता की'पासून. मधे थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं, म्हणून थांबले नाही.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "त्या वेळी मी तुला ताकीद दिली," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, त्यांना माहीत असेल आपल्याला काय दिसतं आणि काय नाही."

"नव्हतं माहीत."

त्यांनी अर्ज स्वतःकडे ओढला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'कॅमेऱ्याचा कोन तपासणे'. एवढ्या वर्षांत त्यांनी खोटं लिहिलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. मागच्या छोट्या खोलीत त्यांनी मला बसवलं, पासवर्ड टाकला आणि म्हणाल्या, "मी थांबू की जाऊ?"

"थांबा," मी म्हणाले.

चित्रणाला आवाज नसतो. अकरा वाजून दहा मिनिटांनी दार उघडलं आणि बाबा आत आले. तीन वर्षं मी जे बघत असल्याचं सांगत होते, ते पहिल्यांदाच बघत होते. वरून बघितल्यावर माणूस केवढासा दिसतो. टाळूवर केस विरळ झाले होते, हे मला माहीत नव्हतं. शर्ट निळा होता. त्यांनी एक हात मशीनवर टेकला, दुसऱ्या हाताने घड्याळाचा पट्टा सोडवायला लागले. पट्टा लवकर सुटेना. सुटला तसं त्यांनी घड्याळ वर धरलं, थेट माझ्याकडे बघत. हात खाली येत होता, ते परत वर नेत होते. ओठ हलत होते. काय म्हणत होते ते ओळखायला काही विशेष लागत नाही, दोनच अक्षरं होती. ठमे.

मधेच त्यांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, काटे बघितले आणि दाराकडे वळले. चार मिनिटं चाळीस सेकंद. मी ओरडले, "थांबा!" हेडमास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

अकरा सतराला ते परत आले. या वेळी भिंतीला पाठ लावून उभे राहिले. घड्याळ छातीपर्यंतच वर आलं. चार मिनिटं पस्तीस सेकंदांनी बाहेर. तिसऱ्यांदा आले ते अकरा पंचवीसला. शर्ट पाठीला चिकटलेला. फार काही केलं नाही त्यांनी, नुसतं वर बघत राहिले. चौथ्या मिनिटाला त्यांनी मान हलवली, आपण समोरच्याला 'ठीक आहे, कळलं ना?' म्हणतो तशी. मग घड्याळ मनगटावर घातलं, पट्टा लावला, खिशातून रुमाल काढून मशीनवर जिथे घामेजला हात टेकला होता ती जागा पुसली आणि निघून गेले. चार मिनिटं पन्नास सेकंद.

आणखी दहा सेकंद थांबले असते तर माझ्या टेबलावर वाजलं असतं. चित्र उघडलं असतं. मी बघितलं असतं. पण दहा सेकंद जास्त थांबून मुलीची नोकरी कशी घालवायची? मरणाच्या कळा येत होत्या आणि माझा बाप पाच मिनिटं मोजत होता, कारण मी त्याला तसं दरडावलं होतं.

त्या दिवसाची माझी स्वतःची नोंदही मी काढून बघितली. अकरा तेरा, दुसऱ्याच गावचं मशीन, कॅमेरा झाकला गेल्याचा इशारा. शेरा माझ्याच हातचा: पाल. अकरा अठ्ठावीस, आणखी कुठलं तरी मशीन, एक अनोळखी माणूस, पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ. शेरा: मदत विचारली, नको म्हणाले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

हेडमास्तरांनी तो तुकडा जपून ठेवू का विचारलं. मी नको म्हणाले. तो पुसला गेल्याने माझं काही पुसलं जाणार नव्हतं.

त्यांच्या जाण्याचं मला दुःख आहेच. सगळ्यांचे वडील जातात. पण ते जाताना काय समजून गेले, ते मला झोपू देत नाही. पोरीने बघितलं, नीट बघितलं, आणि कामात होती म्हणून राहू दिलं. वर 'छान दिसत होतात' म्हणाली. त्यांनी मला माफही केलं असेल, त्यांचा स्वभावच तसा होता. जे मी केलंच नाही त्याची माफी घेऊन मी काय करू? आणि जे केलं ते त्यांना कधी कळलंच नाही.

घराची किल्ली मालकाला द्यायला गेल्या आठवड्यात शेवटची गेले होते. किल्ली दिली. दहा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. मी झेरॉक्सवाल्याच्या बाकावर बसून राहिले. अकरा दहाला उठले आणि काचेचं दार ढकलून आत गेले.

एवढीशी खोली. एक मशीन, एक कचऱ्याची टोपली, चुरगळलेल्या पावत्या. एसीचा घोंगावणारा आवाज चित्रणात नसतो, त्यामुळे तो मला माहीत नव्हता. कोपऱ्यात कॅमेरा. वर बघितलं की मान दुखते, हेही इथे उभं राहिल्यावरच कळलं. मी हात हलवला नाही. नुसती उभी राहिले आणि मनगटावरच्या सैल घड्याळात काटा बघत राहिले. दोन मिनिटं. तीन. एक बाई आली, पैसे काढून गेली. चार. चार मिनिटं पन्नास सेकंदांना माझा पाय आपोआप दाराकडे वळला. मी तो मागे घेतला.

"बाबा, मी बघितलं नव्हतं," मी म्हणाले. "मला कधीच दिसला नाहीत तुम्ही. एकदाही नाही."

पाच मिनिटं झाली. छतातल्या जाळीतून खरखर आली आणि मग आवाज. माझ्या टेबलावर त्या दिवशी रेडिओ बसला होता. मी रोज म्हणते तेच वाक्य. पण त्याच्या आवाजात ते मायेचं वाटलं.

"नमस्कार. आपण बराच वेळ इथे आहात. आपल्याला काही मदत हवी आहे का?"

मी घड्याळ काढून वर धरलं.

"आपल्याला काही मदत हवी आहे का?" त्याने नियमाप्रमाणे दुसऱ्यांदा विचारलं.

"हवी होती," मी म्हणाले.